‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’ला मराठी सबटायटल्स कशी करायची आणि कुठे अडतं

१९६४ सालचा ‘द अमेरिकनायझेशन ऑफ एमिली’ हा डोळ्यांपेक्षा कानांनी बघायचा सिनेमा आहे. पॅडी चायेफ्स्कींची पटकथा, आर्थर हिलर यांचं दिग्दर्शन, जेम्स गार्नर आणि ज्युली अँड्र्यूज मुख्य भूमिकांत, लांबी ११५ मिनिटं, कृष्णधवल. काळ १९४४चा, नॉर्मंडीच्या स्वारीआधीचे दिवस, गाव लंडन. अमेरिकन नौदलातला चार्ली मॅडिसन हा रिअर ॲडमिरल जेसपचा खासगी मदतनीस. साहेबांना दारू, मटण, पार्टीला बायका, सगळं वेळेवर पुरवणं हे त्याचं काम. आपण भित्रे आहोत हे तो लपवत नाही, उलट तो त्याचा धर्मच आहे. एमिली बारहॅम मोटार पूलमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्यांच्या ताफ्यात, गाडी चालवते. नवरा, भाऊ आणि वडील तिघांनाही तिने युद्धात गमावलंय. या दोघांचं प्रेम जमतं आणि तिकडे पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या ॲडमिरलच्या डोक्यात एक कल्पना घर करते: नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या ओमाहा बीचवर पहिला मरणारा माणूस नौदलाचाच हवा, आणि त्याचं चित्रीकरणही व्हायला हवं.

या सिनेमात बंदुकीपेक्षा वाक्यं जास्त सुटतात. इंग्रजी चांगलं येणारा प्रेक्षकही निम्मे मुद्दे निसटू देतो. म्हणून फिल्म सोसायटीच्या किंवा कॉलेजच्या खेळासाठी मराठी सबटायटल्स करणं खरोखर उपयोगाचं आहे. पण नेहमीच्या सवयीने केलेली मराठी सबटायटल्स या सिनेमाला उलटं करून ठेवू शकतात. ते का होतं आणि कसं टाळायचं, हे पुढे सविस्तर येईल.

परवानगी आधी

चायेफ्स्की १९८१ साली वारले. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं साहित्यकृतीवर हक्क राहतो आणि भाषांतराचा अधिकार त्या हक्कातच येतो. म्हणजे पटकथेच्या बाबतीत २०४१ साल संपेपर्यंत. जाहीर खेळासाठी काम करणार असाल तर आधी पत्र पाठवा. हा सिनेमा एमजीएम स्टुडिओचा, आणि एमजीएमच्या १९८६ पूर्वीच्या सिनेमांचा साठा आता वॉर्नर ब्रदर्सकडे आहे, त्यामुळे पत्रही तिकडेच जायला हवं. पत्रात पाच गोष्टी एकदम सांगा: तारीख, जागा, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही, आणि सबटायटल्स वेगळ्या फाईलमध्ये राहणार की चित्रावर छापणार. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. चित्रावर छापायचं तर सिनेमाची नवी प्रत तयार होते, आणि तिची परवानगी वेगळी मागावी लागते.

कोणत्या प्रतीवर काम करताय ते बघा

कामाला बसण्याआधी प्रत्यक्ष खेळात जी प्रत लावली जाणार आहे तीच हातात घ्या. अमेरिकन डिस्क सेकंदाला २३.९७६ फ्रेमने चालते. युरोपात टीव्हीसाठी निघालेल्या प्रती सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात, त्यामुळे तोच सिनेमा ११५ ऐवजी साधारण ११० मिनिटं १७ सेकंदांत संपतो. पहिल्या प्रतीवर केलेली फाईल दुसरीवर लावली तर दहाव्या मिनिटालाच २४ सेकंदांचा फरक पडतो आणि शेवटी तो पावणेपाच मिनिटांच्या आसपास जातो. अशा वेळी फाईल पुढे-मागे सरकवून उपयोग नाही, कारण फरक सतत वाढत असतो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग बदलण्याची सोय आहे, ती वापरा. २३.९७६ आणि २४ यांची गल्लत झाली तर शेवटी सुमारे सात सेकंदांचा फरक राहतो. तो पहिल्या काही मिनिटांत कळत नाही, म्हणून तपासताना थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जा.

डिस्कवरची इंग्रजी सबटायटल्स कच्चा माल म्हणून घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेल्या ओळींत दार वाजल्याच्या, पाऊस पडल्याच्या नोंदी असतात, त्या काढून टाका. शिवाय इंग्रजी वाचायला लागणाऱ्या वेळावर त्यांचे तुकडे पाडलेले असतात. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे त्याच जागी तोडलं तर प्रेक्षकाच्या हाती पहिल्या तुकड्यात कर्ता आणि कर्म येतं, घडलं काय ते कळतच नाही. तुकडे नव्याने पाडा.

वेळेचा अंदाज: एका माणसाने रोज आठ मिनिटांचा सिनेमा नीट करायचा ठरवला तर पहिला खर्डा पंधरा दिवसांत होतो. रोज वीस मिनिटं करायला गेलात तर एमिलीच्या घरच्या बागेतल्या चहाच्या प्रसंगापर्यंत मेंदू बधिर झालेला असेल, आणि तो प्रसंग ताज्या डोक्यानेच करायला हवा.

मरणाचे शब्द: इथेच सिनेमा तरतो किंवा बुडतो

मराठीत रणावर मरण्यासाठी फार श्रीमंत शब्दसंपदा आहे. वीरमरण, वीरगती, धारातीर्थी पडणे, हुतात्मा, शहीद, कामी येणे. बातमीत, शिलालेखावर, शाळेच्या पुस्तकात हे शब्द इतके मुरलेत की युद्धातला मृत्यू दिसला की हात आपोआप तिकडे जातो. या सिनेमाचा झगडा नेमका अशाच शब्दांशी आहे. चार्लीचं म्हणणं असं की युद्ध टिकून राहतं ते आपण मेलेल्यांना वीर करत राहतो म्हणून. त्याच्याच तोंडी ‘वीरमरण’ घातलंत तर त्याच्या मुद्द्याचं बोटच छाटलं गेलं.

तेव्हा भाषांतर सुरू करण्याआधी एक तक्ता करा आणि कोणता शब्द कोणाच्या तोंडी, ते पक्कं ठरवा.

चार्लीसाठी: मेला, मारला गेला, तुकडे सापडले. अलंकार शून्य.

ॲडमिरल जेसपसाठीही साधेच शब्द. हे पटकन लक्षात येत नाही. त्याचं ते पुन्हा पुन्हा येणारं वाक्य थंड आणि सरळ आहे, त्यात तो ‘मेलेला माणूस’ असंच म्हणतो. म्हणून ‘ओमाहा बीचवर मरणारा पहिला माणूस नौसैनिक असला पाहिजे’ असं ठेवा. ‘पहिला हुतात्मा’ केलंत तर तो भाषण ठोकणारा पुढारी वाटतो. खरं तर तो कामाचं नियोजन केल्यासारखं बोलतोय, अंगावर काटा येतो तो त्यामुळे. हे वाक्य सिनेमाभर परत येतं. दरवेळी अक्षरशः तेच ठेवा, एक शब्दही बदलू नका. इथे ‘खलाशी’ही नको, मराठीत तो मालवाहू जहाजावरचा किंवा मासेमारीच्या होडीवरचा माणूस.

अलंकारिक शब्द राखून ठेवा ते वर्तमानपत्रांसाठी, सरकारी घोषणांसाठी आणि बस कमिंग्जसाठी. बस हा चार्लीचा मित्र, नौदल अकादमीतून आलेला. सुरुवातीला ॲडमिरलच्या कल्पनेला तो हसतो आणि नंतर तिचा भक्त होतो. त्याचा हा पालट मराठीत शब्दांमधून दाखवता येतो: आधी ‘मेलेला’, नंतर ‘वीर’. जिथे त्याचा सूर बदलतो तिथेच शब्द बदला, दोन प्रसंग आधी नाही.

अज्ञात सैनिकाच्या स्मारकासारखं नौदलाचं स्मारक उभारायची ॲडमिरलची इच्छा आहे. तिथे ‘अज्ञात नौसैनिकाची समाधी’ हा शब्दप्रयोग चांगला बसतो, कारण ‘समाधी’ म्हटलं की मराठी मनात लगेच पावित्र्य येतं. चार्ली त्याच गोष्टीबद्दल बोलतो तेव्हा ‘थडगं’ म्हणू द्या. दोन शब्दांतल्या अंतरावर प्रेक्षक हसेल.

सगळ्यांत नाजूक जागा एमिलीच्या आईची. बारहॅम बाई नवरा आणि मुलगा जिवंत असल्यासारखं बोलत राहतात. त्यांची वाक्यं वर्तमानकाळात आणि आदरार्थी ठेवा, ‘माझे मिस्टर’ हा शब्द चालतो. बागेतल्या प्रसंगाच्या शेवटी त्या मान्य करतात की दोघं आता नाहीत. तिथे ‘गेले’ लिहिलं तर घात होतो. मराठीत ‘गेले’ म्हणजे बाहेर गेले आणि वारलेही, आणि इतका वेळ त्या दोघं बाहेर गेल्यासारखंच बोलत होत्या. ‘वारले’ म्हटलं तर अंथरुणावरचा मृत्यू वाटतो. ‘मेले’ हे त्या बाईच्या तोंडी शोभत नाही. ‘मारले गेले’ हेच बरोबर: मान राखलेला, आडोसा नसलेला.

बाकीचे अडणारे शब्द

सुरुवातीच्याच पाटीवर चार्लीच्या कामाला अमेरिकन सैन्यातलं बोलीतलं एक नाव दिलंय, ‘डॉग रॉबर’, शब्दशः ‘कुत्र्याचं लुटणारा’. साहेबाचे कपडे, खाणंपिणं आणि बाकी सुखसोयी बघणाऱ्या माणसाचं ते नाव. शब्दशः मराठी केलं तर काहीच कळत नाही. ‘चमचा’ म्हटलं तर फक्त खुशामत उरते, कामातली हुशारी जाते. ‘हुजऱ्या’ हा शब्द अगदी चपखल आहे. दरबारातला खासगी नोकर हा अर्थ त्यात आहे आणि ‘हुजरेगिरी’मुळे टोचही. सामान मिळवण्याची धडपड दाखवायची तिथे ‘सरबराई’ जोडीला घ्या. पाटीवरचा मजकूर लांब आहे, पूर्ण भाषांतर कराल तर पाटी जाईपर्यंत वाचून होणार नाही. दोन सबटायटल्समध्ये सारांश द्या.

भित्रेपणासाठी मराठीत ‘भ्याड’, ‘भेकड’, ‘पळपुटा’, ‘भित्रा’, ‘डरपोक’ असे शब्द आहेत. ‘भ्याड’ हा शब्द बातम्यांत ‘भ्याड हल्ला’ म्हणून इतका वापरला गेलाय की त्यात निषेध भरलेला असतो. चार्ली स्वतःला जे म्हणतो ते ‘भित्रा’. दुसरे त्याला चिडून म्हणतात तेव्हा ‘भ्याड’ किंवा ‘पळपुटा’. एमिलीचा शब्द प्रवास करतो: आधी तिरस्काराने ‘भ्याड’, प्रेमात पडल्यावर त्याचाच ‘भित्रा’.

शीर्षकाचं मराठी आधी करू नका. आधी तो संवाद करा, जिथे त्याने देऊ केलेल्या वस्तू नाकारत एमिली सांगते की आपल्याला अमेरिकन बनवू नये. ‘माझं अमेरिकीकरण करू नका’ हे सरकारी परिपत्रक झालं, प्रेमात पडत असलेली बाई असं बोलत नाही. ‘मला अमेरिकन करू नका’ हे तोंडी बसतं. मग शीर्षकही त्याच शब्दाला धरून: ‘एमिली अमेरिकन होते’. शीर्षक आणि संवाद यांत एक शब्द समान राहिलाच पाहिजे, नाहीतर तो क्षण फुकट जातो.

चॉकलेटच्या कंपनीचं नाव येतं, ते पहिल्यांदा ‘हर्शीचं चॉकलेट’ आणि नंतर नुसतं ‘चॉकलेट’ करा. इंग्लंडात अन्नाचं रेशनिंग जानेवारी १९४०पासून होतं, साबण आणि मिठाईवर १९४२ साली आलं. खेळाआधीच्या दोन मिनिटांच्या प्रास्ताविकात हे सांगितलं की संत्री आणि साबण दिसल्यावर तिथल्या माणसांचे डोळे का चमकतात ते कळतं. सबटायटलमध्ये कंस टाकून समजावू नका.

बसच्या खोलीत वारंवार दिसणाऱ्या मुलींना श्रेयनामावलीतही नावं नाहीत. तिथे त्यांना तुच्छतेने ‘बिननावाच्या पोरी’ असंच म्हटलंय. भाषा सभ्य करण्याचा मोह आवरा. हे पुरुष बायकांना वस्तूंसारखं वागवतात हे मराठीतही दिसू द्या, एमिलीचा राग त्यावरच उभा आहे.

हुद्दे भाषांतरित करू नका. लेफ्टनंट कमांडर, रिअर ॲडमिरल हे आपल्या नौदलातही तसेच आहेत आणि बातम्यांतून लोकांच्या ओळखीचे आहेत.

तू, तुम्ही, आपण, आम्ही

इंग्रजीत एकच सर्वनाम, मराठीत निर्णय घ्यावाच लागतो. तो प्रसंगागणिक लहरीने घेतलात तर प्रेक्षकाला नात्याचा उंचसखलपणा चुकीचा कळेल. आमचा सल्ला असा:

चार्ली आणि बस: पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘तू’. बस पिस्तूल रोखतो तेव्हाही ‘तू’च, तिथे ‘तुम्ही’ केलं तर विनोदी वाटतं.

जेसप चार्लीला ‘तू’, चार्ली त्याला ‘तुम्ही’ आणि ‘सर’. ॲडमिरलचं डोकं ताळ्यावर नसताना यात बदल करू नका. तो कधी बरा आणि कधी नाही, हे प्रेक्षकाला चेहऱ्यावरून कळू द्या.

चार्ली आणि एमिली: ड्युटीवर दोघंही ‘तुम्ही’. ती रात्री त्याच्या खोलीत येते तिथून तो ‘तू’वर येतो. ती मात्र ‘तुम्ही’वर राहते, म्हणूनच वर ‘करू नका’ सुचवलंय. आईच्या घरच्या बागेनंतर ती ‘तू’ म्हणते. पावसातल्या विमानतळावर भांडून निरोप घेतात तेव्हा एमिलीने पुन्हा ‘तुम्ही’ म्हणावं. मराठीत जवळच्या माणसाला अचानक ‘तुम्ही’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं, आणि तो प्रसंग तेच मागतो. शेवटी तो जिवंत असल्याचं कळून दोघं भेटतात तिथे परत ‘तू’. एवढी एक रेघ सांभाळली तरी प्रेमकथेचा अर्धा भाग आपोआप उतरतो.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक इंग्रजीत नाही आणि या सिनेमात तो सोन्यासारखा आहे. चार्ली युरोपियन लोकांच्या अमेरिकाद्वेषावर एमिलीला सुनावतो तिथे ‘आम्ही अमेरिकन’ आणि ‘तुम्ही युरोपवाले’, स्पष्ट भिंत. पण बागेत तो युद्धाबद्दल बोलतो तिथे ‘आपण’. समोर विधवा बसलेली आहे, मुलगी विधवा आहे, त्याचा स्वतःचा भाऊ इटलीत अँझिओला मारला गेलाय. आरोप सगळ्यांवर आहे, बोलणाऱ्यासकट. तिथे ‘तुम्ही’ किंवा ‘लोक’ आलं तर चार्ली उपदेशक होतो.

लिंग बघायला चित्र लागतं. ‘जाते’ की ‘जातो’ हे इंग्रजी मजकुरावरून कळत नाही. फोनवरचे आणि पाठमोऱ्या माणसांचे संवाद विशेष जपून. सिनेमा न बघता फक्त मजकुरावरून भाषांतर केलं की या चुका हमखास होतात, आणि गंभीर प्रसंगात हशा पिकतो.

एमिली ब्रिटिश, चार्ली अमेरिकन. हा फरक दाखवायला एकाला पुणेरी आणि दुसऱ्याला वऱ्हाडी बोलायला लावू नका, माणसं लंडनमधून उठून आपल्याकडे येतात. फरक वाक्याच्या बांधणीत ठेवा: तिची वाक्यं पूर्ण, शब्द नेमके, त्याची तुटक, सैल, ‘बिझनेस’, ‘डील’ असे शब्द पेरलेली. लेखनातही एक सोय आहे. बोलण्यात ‘केलं, झालं, असतं’ आणि पाट्या, हुकूम, बातम्या यांत ‘केले, झाले, असते’. प्रेक्षकाला नियम कळत नाही, पण कागदावरचं कोणतं आणि तोंडचं कोणतं ते बरोबर जाणवतं.

बागेतलं भाषण कसं कापायचं

चार्ली एमिलीच्या आईसमोर चहा घेता घेता युद्धावर बोलतो, तो प्रसंग सिनेमाचा कणा आहे. गार्नर वेगाने बोलतो. सगळं लिहाल तर वाचून होणार नाही, बेताल कापाल तर युक्तिवाद कोसळतो.

आधी पूर्ण भाषण कागदावर सहा-सात वाक्यांत मांडा. दोष युद्धाचा नाही, त्याला चढवलेल्या पावित्र्याचा आहे. मंत्री आणि सेनापती यांना जबाबदार धरून भागत नाही. पुतळे आणि रस्त्यांची नावं देणारे आपणच. मेलेल्यांना आपण वीर करतो. भावाचं मरण साधंच होतं आणि आई ते शूराचं म्हणते. त्या अभिमानामुळे धाकट्या भावालाही सैन्यात जायची ओढ लागते. या मांडणीतले जोडशब्द अधोरेखित करा: ‘नाही’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘आपणच’. हे कधीही कापायचे नाहीत. कापायचं ते असं: समोरच्या बाईंचं पुन्हा पुन्हा घेतलेलं नाव (पहिल्यांदा आणि सूर बदलतो तिथे एकदा ठेवा), आणि तीन उदाहरणांपैकी एक.

एक सबटायटल जवळून बघा:

मंत्र्यांना, सेनापतींना दोष देऊन
युद्धं थांबणार नाहीत.

आणि लगेच पुढचं:

त्यांचे पुतळे उभारतो कोण?
आपणच.

पहिल्यात संगणकाच्या मोजणीने ३२ आणि २१, एकूण ५३ चिन्हं आहेत. सेकंदाला १७ चिन्हं वाचून होतात या हिशेबाने तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. दुसऱ्यात ‘आपणच’ स्वतंत्र ओळीवर आहे, आणि ते गार्नर बोलण्याआधी पडद्यावर दिसलं तर धक्का गेला. तो थोडा थांबला तर त्या शब्दासाठी वेगळं सबटायटल करा, किमान एक सेकंदाचं. मराठी क्रियापदान्त असल्यामुळे मुद्द्याचा शब्द बहुतेक वेळा शेवटीच येतो. हा फायदा घ्या, इंग्रजी क्रम ओढून आणू नका.

याच भाषणात विधवांच्या पोशाखाचा उल्लेख येतो, आपण तो जोगिणीच्या वस्त्रासारखा मिरवतो असा. इथे कुंकू पुसणं, पांढरं कपाळ वगैरे आणू नका. पडद्यावर इंग्रज बाई आहे. ‘विधवेचा काळा पोशाख’ आणि ‘नन’ हे दोन शब्द पुरतात.

वेळ आणि मोजणी

एका ओळीत जास्तीत जास्त ४० चिन्हं, दोनच ओळी, किमान एक सेकंद, कमाल सहा सेकंद, दोन सबटायटल्समध्ये किमान दोन फ्रेमची फट. दृश्य कापलं जातं त्याच्या दोन फ्रेम आधी सबटायटल घालवा. पुढच्या दृश्यावर ते रेंगाळलं की डोळा तेच पुन्हा वाचू लागतो.

मोजणीत एक फसगत असते. सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतं. ‘स्त्री’ हे डोळ्याला एकच अक्षर, संगणकाला सहा चिन्हं. ‘लेफ्टनंट’ म्हणजे चार अक्षरं, पण आठ चिन्हं. म्हणून जोडाक्षरांनी भरलेली ओळ मर्यादा ओलांडल्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये लाल दिसली तरी घाबरून अर्थ कापू नका, मोठ्याने वाचून बघा. उलट, सगळं हिरवं दिसतंय म्हणूनही निर्धास्त होऊ नका. मराठी प्रेक्षकाला मराठी सबटायटल वाचायची सवय इंग्रजीच्या मानाने कमी असते. सेकंदाला सात-आठ अक्षरांच्या पुढे गेलात तर तो चित्र सोडून फक्त खाली बघत राहतो.

देवनागरीचे तांत्रिक खड्डे

फाईल एसआरटी, म्हणजे वेळा आणि मजकूर असलेली साधी सबटायटल फाईल, आणि साठवण यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत, जिच्यात देवनागरी नीट टिकते. वेळेच्या ओळीतले आकडे इंग्रजीच ठेवा, देवनागरी आकडे घातले की प्लेअर ती ओळ वेळ म्हणून ओळखत नाही. सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा, टिंब नको.

‘हुजऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हे मराठीचं वैशिष्ट्य. चुकीच्या कळा दाबल्या तर ‘हुजर्या’ असा रफार डोक्यावर बसतो. खालच्या टिंबाचा ऱ, त्याला हलन्त, मग य, असं टाइप करा. काम संपल्यावर ‘र्या’ शोधून प्रत्येक जागा तपासा, कारण ‘आर्या’सारखे खरे रफारही असतील. ‘ॲडमिरल’ हा शब्द सिनेमाभर येतो. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा अ आणि वर चंद्र असा जोडून. दुसरा प्रकार काही फॉन्टमध्ये तुटक वर्तुळासह दिसतो. सगळीकडे पहिलाच प्रकार वापरा.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर बघा. अनेक टीव्हींना देवनागरी जुळवता येत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फाईल चुकलेली नसते, त्या यंत्राला अक्षरांची जुळणी येत नसते. लॅपटॉपवरून व्हीएलसी प्लेअरने दाखवा, नाहीतर (परवानगी असेल तर) ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरने सबटायटल्स चित्रावर छापून घ्या.

फॉन्ट साधा आणि मध्यम जाडीचा घ्या, ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’. १०८० रेषांच्या चित्रावर ५६ ते ६० आकार. रोमन लिपीचा नेहमीचा आकार देवनागरीला लहान पडतो, कारण वरच्या आणि खालच्या मात्रांत उंची वाटली जाते. दोन ओळींमधलं अंतरही वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. काळी कड दोन पिक्सेलची ठेवा, जास्त जाड झाली की जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. फिलिप लॅथ्रॉप यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकन होतं. त्यावर पिवळी अक्षरं चिकटवू नका, किंचित राखाडी पांढरा रंग घ्या. पांढऱ्या वस्तूंवर आणि उजळ आकाशावर ओळ हरवते, तेवढ्या प्रसंगांत मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या.

सिनेमा १.८५ बाय १ प्रमाणात आहे, त्यामुळे आजच्या पडद्यावर वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी राहते. तिच्यात ओळ मावत नाही. सभागृह सपाट असेल तर खालची ओळ पुढच्या डोक्यांमागे जाते. चित्राच्या उंचीच्या दहा टक्के वर सरकवा.

तपासणी

तीन फेऱ्या करा. पहिली आवाज बंद करून: फक्त मराठी वाचून गोष्ट कळते का. दुसरी, मरणाच्या शब्दांचा तक्ता आणि ‘तू-तुम्ही’ची यादी हातात घेऊन, यासाठी फाईलमध्ये ‘वीर’, ‘हुतात्मा’, ‘शहीद’, ‘तुम्ही’ हे शब्द शोधत जा, प्रत्येक ठिकाणी बोलणारा कोण ते बघा. तिसरी फेरी इंग्रजी न कळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून. त्यांना समजावू नका, फक्त ते कुठे मागे पडतात ती वेळ टिपा. हशा आला तिथेही वेळ टिपा: पडद्यावरच्या माणसाच्या आधी हशा आला असेल तर ते सबटायटल लवकर येतंय, अर्धा सेकंद पुढे ढकला. बागेच्या प्रसंगात शेवटी सगळे गप्प राहायला हवेत. तिथे कोणी वाचत बसलेलं दिसलं तर अजून एक ओळ कापा.